बाल्कनीतला रताळ्याचा वेल

बाबा,

तुमच्या वेलाने मान टाकली आहे. सोमवारी सकाळी फोन आला. तुमच्या जुन्या विभागाच्या आता ज्या प्रमुख आहेत, त्या बाईंनी स्वतः नेट हाऊसमध्ये जाऊन पाहिलं आणि मग मला कळवलं. रोगट मातीच्या कुंड्यांत लावलेल्या आपल्या वेलांची खालची पानं पिवळी पडली आहेत. शेंडे दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी पाणी घातलं तरी सावरत नाहीत. शेजारी मुद्दाम बाजारच्या रताळ्याचा वेल लावला आहे, त्याचीही तीच गत. तिसऱ्या कुंडीत मर रोगाला दाद न देणारा म्हणून माहीत असलेला एक वाण आहे, तो अजून हिरवागार आहे. बाई ओडिशाच्या आहेत, माझ्याशी हिंदीत बोलतात. मग म्हणाल्या, "देखिए, अभी हार मत मानिए. पत्ते तो सबके झुकते हैं. तना काटेंगे, तब पता चलेगा." देठ कापायचा तो उद्या, शुक्रवारी.

ताजी बातमी आधी आणि बाकीचं मागून, ही बातम्यांच्या नोकरीत लागलेली सवय. म्हणून मागचं आता सांगते. त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट मात्र फक्त तुम्हालाच माहीत होती, आणि तीच मला विचारायची आहे.

मी शाळेत असताना एकदा सकाळी तुम्ही रताळ्याच्या वेलाचा एक सुकलेला तुकडा घरी आणला होता. आपण तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नळाला पाणी यायची वेळ झाली होती आणि मोरीत बादल्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. आई पोळ्या लाटत होती. तुम्ही ओट्यावरच एक स्टीलची ताटली उपडी घातली, दाढीचं जुनं पातं काढलं आणि तो देठ आडवा कापला. आई म्हणाली, "अहो, ओट्यावर रोगराई नको हं." तुम्ही म्हणालात, "हा माणसाला होत नाही गं, रताळ्यालाच होतो." त्यावर ती म्हणाली, "मग रताळ्याच्या ओट्यावर कापा." तुम्ही हसलात आणि मला जवळ बोलावलंत. कापाच्या गोलात, सालीच्या जरा आत, तपकिरी ठिपक्यांचं एक कडं दिसत होतं. पाणी वर नेणाऱ्या नळ्या त्या, तुम्ही सांगितलंत, आणि मग पुढचं सगळं त्याच सुरात, पोळीचा तुकडा मोडावा तसं. ही बुरशी मातीत राहते. वर्षानुवर्षं राहते. लावणीसाठी आपण वेल कापतो, त्या जखमेतून ती आत शिरते आणि नळ्या धरून वर चढायला लागते. झाडाला पळता येत नाही. त्याला रक्त नाही, की रक्तातून शिपाई पाठवावेत. त्याच्या हातात मुख्यतः एकच गोष्ट असते, नळ बंद करणं. नळीच्या शेजारच्या जिवंत पेशी नळीच्या आत फुग्यासारख्या फुगतात आणि बोळा बसावा तशी ती बुजवतात. वरून डिंक भरतात. भिंती लाकडासारख्या जाड करतात. एक कडू विषारी रसही तयार करतात. "म्हणून कडू लागलेलं रताळं थुंकून टाकायचं," तुम्ही म्हणालात. "ते विष त्याने स्वतःसाठी केलेलं असतं. आपण मध्ये पडायचं नाही."

मी विचारलं, नळी बंद केली तर मग पाण्याचं काय? तुम्हाला तो प्रश्न आवडला होता. तुम्ही पातं खाली ठेवलंत. शेजारच्या नळीतून, तुम्ही म्हणालात. ज्या झाडाला वेळेवर कळतं ते अगदी खाली, बुरशी जिथवर पोचली आहे तिथेच, तेवढ्याच नळ्या बंद करतं. एकदोन पानं जातात, बाकीचं झाड जगतं. ज्याला उशिरा कळतं ते घाबरल्यासारखं खालपासून वरपर्यंत सगळ्याच बंद करत सुटतं. "आणि मग?" "मग काय. ओल्या मातीत उभं राहून तहानेनं मरतं." तेवढ्यात नळ फुरफुरला, आई ओरडली, "आलं, पाणी आलं! उठा दोघं!" आणि आपण बादल्या भरायला धावलो. ती उपडी ताटली दिवसभर ओट्यावर तशीच होती. आईने ती दोनदा घासली.

वेळेवर कळणारं झाड शोधणं, एवढंच तुमचं काम होतं. त्यासाठी तुमच्या शेती-संशोधन संस्थेने गुडगावच्या बाजूला एका गावात जमीन भाड्याने घेतली होती. तेव्हा तिथे मोहरी दिसायची, आणि तुमच्या स्कूटरला पोचायला सबंध सकाळ लागायची. त्या जमिनीच्या एका तुकड्यात तुम्ही मर रोग मुद्दाम जोपासला होता. मेलेले वेल फेकायचे नाहीत, तिथेच गाडायचे. दर वर्षी माती आणखी रोगट करायची आणि तिच्यात नवे नवे वेल लावून बघायचं, कोण टिकतो. जवळजवळ सगळे मरायचे. तुम्ही संध्याकाळी घरी यायचात तेव्हा आई चहा देता देता विचारायची, "आज किती गेले?" जसं काही तुम्ही आघाडीवरून येत होता. मग एका वर्षी एक वेल टिकला. पुढच्या वर्षी त्याच्या बेण्याचे टिकले. तिसऱ्या वर्षीही टिकले. त्याला नाव नव्हतं, वाफ्याचा एक आकडा होता, तो घरात कोणाच्या लक्षात राहायचा नाही. घरात त्याला "बाबांचा वेल" म्हणायचे.

त्याच सुमाराला देशाचं दार उघडलं. आपल्या क्वार्टरच्या गच्च्यांवर डिश अँटेना आल्या, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, आणि तुमच्या ऑफिसात नवा शब्द आला, बाहेरचे पैसे. प्रत्येक विभागाने आपल्या कामाला गिऱ्हाईक शोधायचं होतं. रताळ्याला गिऱ्हाईक कोण? मी एकदा तुमचा डबा द्यायला आले होते, तेव्हा तुमचे साहेब व्हरांड्यात तुम्हाला सांगत होते, "शकरकंदी पर कब तक बैठेंगे, डॉक्टर साहब? गुलाब पर आइए, जर्बेरा पर आइए. एक्सपोर्ट का ज़माना है." तुम्ही म्हणालात, "सर, गरीब आदमी गुलाब नहीं खाता." साहेब मनमोकळं हसले. "गरीब आदमी आपका रिसर्च पेपर भी नहीं पढ़ता." तुम्हीही हसलात.

जमीनमालकाने जमीन बिल्डरला विकली तेही असंच हसत हसत झालं. तो हुक्का पुढे करून तुम्हाला म्हणाला होता, "डॉक्टर साब, बुरा मत मानियो. आप तो म्हारी जमीन में बीमारी बोवो हो. बिल्डर कम से कम मकान तो बोवेगा." बिल्डर निदान घरं तरी पेरेल, हे तुम्ही घरी आम्हाला नक्कल करून दाखवलं होतं. आई हसली नाही. तुम्ही दुसऱ्या जागेसाठी अर्ज केले. उत्तर आलं, या पिकाचं काम तूर्त स्थगित. तूर्त हा शब्द तुम्ही मग जेवताना आवडीने वापरायचात. भाजी तूर्त संपली आहे. मीठ तूर्त जास्त आहे.

त्या वर्षी कडाक्याची थंडी पडली आणि दंवाने शेतातले वेल काळे पडून गेले. जमिनीखाली रताळी होती, तेवढंच उरलं. जागा सोडायच्या आदल्या दिवशी तुम्ही ती खणून काढलीत, कापडी पिशवीत भरलीत आणि संध्याकाळी घरी आणून ओट्याखाली ठेवलीत, कारण घरात तीच जागा अंधारी आणि कोरडी. तुम्हाला ताप होता. काही न बोलता, न जेवता झोपलात आणि सकाळी उठून जागेचा ताबा द्यायला निघून गेलात. त्या दिवशी महाशिवरात्र होती.

आता आईची बाजू. लग्न झाल्यापासून ती दर उपासाच्या आदल्या दिवशी तुम्हाला सांगायची, येताना रताळी आणा. आणि आयुष्य रताळ्यांत घालवलेला माणूस एकदाही रताळी आणायचं लक्षात ठेवायचा नाही. मराठी मंडळाच्या बायकांमध्ये हा कायमचा विनोद होता. त्या शिवरात्रीला तिने कॅन्टोन्मेंटमधल्या जवानांच्या बायकांना फराळाला बोलावलं होतं. बहुतेकींचे नवरे काश्मीरकडे होते आणि घरच्यासारखा उपास करायला त्यांना दुसरं घर नव्हतं. बाजारातून थोडी रताळी तिने घेऊन ठेवलीच होती. सकाळी ओट्याखाली वाकली तर भरलेली पिशवी. तिचा चेहरा मला आठवतो. "बघ," ती मला म्हणाली, "शेवटी लक्षात ठेवलं हो यांनी. न सांगता." तिने तुमची आणि बाजारची एकत्र धुतली, किसली, तुपात जिरं-मिरची घालून कीस परतला, थोड्यांच्या गुळातल्या गोड फोडी केल्या. मीच तिला शेंगदाण्याचं कूट करून दिलं. पिशवीत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं.

तुम्ही दुपारी आलात तेव्हा बाहेरच्या खोलीत बायका पंगतीला बसल्या होत्या. आई दारातच म्हणाली, "या! आज सूर्य पश्चिमेला उगवला बरं का." तुम्ही विचारलं, "का?" "का काय? रताळी आणलीत ती!" "कुठली रताळी?" "अहो, तुमचीच. ओट्याखालची. बाजारची थोडी होती, त्यात मिसळली, पुरून उरली." सुभेदारवहिनी, साताऱ्याकडच्या, ताटावरून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या शेतातलं रताळं म्हंजे निव्वळ साखर. पुढल्या साली जरा जास्ती लावा आमच्यासाठी." दुसरी म्हणाली, "आणि उपासाच्या आधी आणायचं इसरू नका, काकूंनी किती वर्सं वाट बघितली!" सगळ्या हसल्या. तुम्ही दाराच्या चौकटीला धरून उभे होता. मला वाटलं ताप वाढला असेल. मग तुम्ही आत आलात, वेताच्या बुटक्या मोड्यावर बसलात, आईने दिलेली बशी घेतलीत आणि सगळा कीस खाल्लात, बशी निपटून. "गोड झालाय," म्हणालात.

बायका गेल्यावर तुम्ही तिला सांगितलंत. आवाज चढवला नाहीत. "ती बेण्याची होती." एवढंच. आई मागच्या दाराशी गेली. दूधवाल्याच्या म्हशीसाठी ती भाज्यांची सालं एका डब्यात वेगळी ठेवायची, दूधवाला अजून यायचा होता. तिने तो डबा फरशीवर पालथा केला आणि सालींतून रताळ्यांची कापलेली टोकं वेचायला लागली, देठाकडची, जिथे डोळे असतात ती. तुम्ही वर्तमानपत्र अंथरलंत आणि दोघं खाली बसलात. बाजारचीही लाल आणि तुमचीही लाल. तुम्ही एकेक टोक उजेडात धरून फिरवत होता आणि परत खाली ठेवत होता. शेवटी म्हणालात, "असं नाही ओळखता येत." आईने सगळीच लावली, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत, बाल्कनीत. बहुतेक सडली. एक फुटलं.

उन्हाळ्यात त्याला पानं आली. त्या संध्याकाळी तुम्ही बाल्कनीत उकिडवे बसला होता, एक पान उलटं करून बघत. आई दारात उभी होती, हाताला कणीक होती. तिने विचारलं, "हाच ना?" तुम्ही पान आणखी एकदा सरळ केलंत, पुन्हा उलटं केलंत. मग म्हणालात, "हाच."

बाबा, माझा प्रश्न या एका शब्दाबद्दल आहे. तो तुमचाच वेल होता, तर तुम्ही तो परत ऑफिसात का नेला नाहीत? तुमची रोगट माती बिल्डरच्या खड्ड्यात गेली होती हे खरं, पण कुंडीभर माती पुन्हा रोगट करणं तुम्हाला अवघड नव्हतं. दुसऱ्या राज्यातल्या कोणा सहकाऱ्याला एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवता आला असता. तुम्ही काहीच केलं नाहीत. तो वेल तुम्ही आईला बाल्कनीत वाढवू दिलात आणि स्वतः पुन्हा त्याच्यासमोर उकिडवे बसलेले मला दिसला नाहीत. याचा एक अर्थ असा, की तुम्ही तिचं मन राखलंत. दुसरा असा, की वेल खराच होता आणि तुम्हालाच आता त्याचं काही करायचं नव्हतं. दुसरा अर्थ मला जास्त भीतीचा वाटतो, कारण तो तुमच्या पुढच्या दिवसांशी जुळतो. तुम्ही गणपतीच्या मंडळात जाणं सोडलंत. मग पत्रांना उत्तरं देणं. मग सकाळचा पेपर, मग फोन घेणं. "घरी नाहीत म्हणून सांग," असं तुम्ही माझ्यासमोर बसून सांगायचात. जेवायचात, ऑफिसला जायचात, गुलाबाच्या फायलींवर सह्या करायचात. इथे कोणीही एक तुलना करेल आणि ती तुम्हाला अजिबात आवडणार नाही. शाळेत मी निबंधात लिहिलं होतं की सुकलेलं झाड दुःखी दिसतं, तेव्हा तुम्ही ते वाक्य खोडलं होतं. झाडाला दुःख होत नाही, त्याला पाणी कमी पडतं, असं समासात लिहिलं होतं. म्हणून तुलना करत नाही. एवढंच लिहिते की आम्ही दोघी तुमच्याशी बोलत राहायचो आणि ते कुठे पोचतं आहे असं वाटायचं नाही.

नंतरच्या एका हिवाळ्यात, धुक्याच्या दिवसांत, तुमची छाती भरली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खाट मिळाली, वॉर्डात नाहीच मिळाली. मी तेव्हा नोकरीत नवीन होते, दुपारची पाळी संपवून यायचे. शेवटच्या दिवसांत तुम्ही फारसं बोलत नव्हता. एकदा आईला म्हणालात, "वेलावर काही घातलंस का? दंव पडतंय." आईने तिची जुनी साडी घातल्याचं सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. ती साडी तुम्हाला वेलासाठी हवी होती की तिच्यासाठी, याचाही मी आजवर निकाल लावू शकलेले नाही.

क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आलो. त्या फ्लॅटचे हप्ते तुम्ही भरलेत आणि त्यात एक दिवसही राहिला नाहीत. ट्रकमध्ये आईने वेलाची बादली मांडीवर घेतली होती. तेव्हापासून तो बाल्कनीच्या कठड्यावरून खाली लोंबतो. खालच्या मजल्यावरच्या शर्माबाई भांडायच्या, मग त्याची कोवळी पानं भाजीला न्यायला लागल्या. दर हिवाळ्यात साडी, दर उन्हाळ्यात नवा तुकडा कापून नवी माती. त्याला लागलेली रताळी आईने कधी शिजवली नाहीत, शिवरात्रीलासुद्धा नाही. माझी मुलगी लहानपणी तिला चिडवायची, "आजी, तुझी शकरकंदी खायची नाही तर लावायची कशाला यार?" आई म्हणायची, "आजोबांची आहे." रताळं हा शब्द मुलीला तिने शिकवला, तो तिला आजही नीट म्हणता येत नाही. हिवाळ्यात मेट्रो स्टेशनबाहेर निखाऱ्यावर भाजलेली शकरकंदी, लिंबू-मसाला लावून, द्रोणातून विकतात. आम्ही खातो. आई हातही लावत नाही. मला पूर्वी ते तिचं प्रेम वाटायचं. फार उशिरा लक्षात आलं की ती शिक्षा भोगत होती, आणि त्या शिक्षेत एकच सोय होती, तुमचा तो शब्द. हाच असेल, तर तिने काही संपवलं नाही. नसेल, तर तुमचं सगळं आयुष्य तिने त्या दुपारी तुपात परतलं आणि बायकांना वाढलं. हे तिचं वाक्य आहे, माझं नाही.

यंदा पावसाळ्यानंतर ती पडली. आता बहुतेक वेळ पलंगावर असते. पडल्यावर काही दिवसांनी मला म्हणाली, "माझ्यामागे तू काही त्याला पाणी घालणार नाहीस. त्यांच्या ऑफिसात नेऊन दे. कामाचा असेल तर ठेवतील." मी तुकडे कापले, जमिनीपासून जरा वर कापायचं, तुम्ही शिकवलं होतंत तसं, आणि घेऊन गेले. गेटवर आता कार्ड दाखवावं लागतं. विभागात तुमच्या वेळचं कोणीच नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांच्या गावाकडे रताळं रोजचं अन्न आहे, त्यामुळे त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, हल्ली तर रक्तावरून नाती ओळखतात, तसं पानावरून ओळखता येणार नाही का? त्या म्हणाल्या, ओळख पटवायला मूळ वेल कुठे तरी हवा. तो कुठेच नाही, कोणीच ठेवला नाही. मग एकच वाट उरते, डॉक्टर साहेबांची. रोगट मातीत लावायचा आणि बघायचं. "जो उन्होंने किया था, वही करेंगे," त्या म्हणाल्या. माती त्यांनी स्वतः तयार केली, कुंड्यांमध्ये बुरशी मिसळून. तुमची माती आता सापडण्यासारखी नव्हतीच. त्या जागी उंच टॉवर आहेत, खाली गाड्यांसाठी तळघरं खणली आहेत. गुडगावचं गुरुग्राम झालं. कामानिमित्त मी एकदा तिथल्या एका फ्लॅटमध्ये जाऊन आले. लॉन सुंदर आहे.

आई रोज विचारत होती, फोन आला का. सोमवारचा फोन मी तिला सांगितला नाही. मंगळवारीही नाही. काल संध्याकाळी गोळी घेताना तिने पुन्हा विचारलं, "आला का गं?" गोळीचं पाकीट माझ्या हातात होतं. त्यावरची अक्षरं वाचत मी म्हटलं, "आला. हाच आहे म्हणाल्या." ती पाणी प्यायली, तिने पेला परत दिला. खालून मेट्रोची घोषणा ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "तेही असंच म्हणाले होते. पानाकडे बघत." तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "थंडीच्या आत एक तुकडा पाण्यात लावून ठेव," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. म्हणजे इतकी वर्षं तिलाही ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नाही हे ठाऊक होतं. तरी साडी घालत राहिली.

हे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तो बाजारचा निघाला तर मला वाटायला हवं तेवढं वाईट वाटणार नाही. तुमचं काम गेलंच, ते खूप आधी गेलं. पण मग त्या संध्याकाळी, सगळं बंद करत चालला असतानाही, तुम्ही तिच्याकडे जाणारी एक नळी उघडी ठेवली होती असं होईल. मला तुमच्या वेलापेक्षा ते जास्त हवं आहे.

उद्या सकाळी बाई तिन्ही कुंड्यांतले देठ जमिनीपासून वरवर, पेरापेराला कापत जातील. तपकिरी कडं खालच्या पेरांतच थांबलेलं असेल, तर वेळेवर बंद केलं, म्हणजे तुमचा. शेंड्यापर्यंत पोचलं असेल, तर बाजारचा. कुठलाही असो, सगळी झाडं जाळतील आणि माती भट्टीत तापवून टाकतील, तसा नियम आहे. दुपारपर्यंत फोन करते म्हणाल्या आहेत. मी तो जिन्यात जाऊन घेणार आहे.